गच्चीवरच्या या लाल फुलाचं नाव सांगा (आणि कळ्या का गळतात तेही)

शेवंता_परभणी
नमस्कार मंडळी. मागच्या दिवाळीत सासरी, सेलू तालुक्यात गेले होते. शेजारच्या मावशींनी निघताना वाळलेली बोंडं हातावर ठेवली. "देवाचं फूल आहे, लाव," एवढंच म्हणाल्या. नाव विचारलं तर "नाव कशाला लागतंय त्याला?" म्हणाल्या. जूनमध्ये पाऊस पडल्यावर बी कुंड्यांत टाकलं, आता रोपं कमरेला लागायलीत.

फोटो दोनदा चढवून बघितला, चढत नाहीये, म्हणून वर्णन लिहिते. खोड सरळ, फांद्या कमी. पान लांब आणि अरुंद, देठाकडे जरा रुंद, कडेला करवती दाते. फुलं पानाच्या बगलेत, एकेक नाहीतर जोडीनं, मान खाली घातलेली. रंग भडक लाल, पाकळ्या पाच. फुलाची रुंदी दोन-तीन सेंटीमीटर असेल.

आता अडचण. मी शाळेत नोकरीला आहे. सकाळी साडेसहाला पाणी घालायला जाते तेव्हा झाडावर नुसत्या कळ्या आणि खाली गळलेली फुलं. उमललेलं फूल म्हणून दिसत नाही. नंतर शाळा, मग शिकवण्या, गच्चीवर परत जाणं होतच नाही. सासूबाई म्हणतात कळ्याच गळायल्यात, दृष्ट लागली. मोबाइलच्या अ‍ॅपनं दर वेळी वेगळं नाव सांगितलं. नर्सरीवाल्यानं गळलेलं फूल बघून "विलायती जास्वंद" म्हणून हात झटकले. खालची पानंही पिवळी पडायलीत.

तर १) हे काय आहे, २) कळ्या का गळतात?

उदगीरकर
फोटोशिवाय झाड ओळखायचं म्हणजे पत्रिका न बघता लग्न जमवायचं. तरी अंबाडी?

शेवंता_परभणी
अंबाडी नाही हो. अंबाडीची भाजी आठवड्याला करते, तिचं पान ओळखते. शिवाय अंबाडीचं फूल फिकट पिवळं, मध्ये काळसर. हे आतबाहेर लाल.

मीच_तो
लाल भेंडी. भाजी करा, प्रश्न मिटला.

बोरीचा_बार
कोरांटीतली एखादी जात असेल. आमच्या नांदेडला कोरांटीच्या रंगाला तोटा नाही.

पानफूल
कोरांटी नाही. कोरांटीचं फूल नळीसारखं असतं आणि पानं समोरासमोर येतात. शेवंताताईंनी "पानाच्या बगलेत एकेक" लिहिलंय. ताई, पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक?

मला एक अंदाज आहे, पण आत्ता सांगत नाही. नाहीतर नाव ऐकून तुम्हाला तेच दिसायला लागेल. त्यापेक्षा एक करा. सुट्टीच्या दिवशी दुपारी साडेबारा-एकला गच्चीवर जा, उमललेलं एक फूल तोडा आणि आत बघा. जास्वंदात मधोमध एक लांब दांडी बाहेर येते आणि परागकणांचे ठिपके तिच्या अंगावर असतात. तुमच्या फुलात तशी दांडी आहे का? की लाल, लांब, चपट्या जिभा उभ्या आहेत? असल्या तर किती, आणि दोन जिभांच्या मध्ये काय आहे?

दुसरं, फुलाच्या हिरव्या वाटीच्या खाली अगदी बारीक पानं आहेत का? नसली तरी कळीजवळ बघा, कळी कोवळी असताना असतात आणि मग गळून जातात.

उदगीरकर
पानफूल यांनी परीक्षा लावली. ताई, तुम्ही शिक्षिका, आता पेपर तुम्हालाच.

काळं_रान
आमच्याकडं घनसावंगीला पाऊस उघडलाय म्हणून आज बसलो मोबाइल घेऊन. वर्णन वाचून वाटायलंय की हे तळ्याच्या कडेला येणारं तण असंल. म्या लहानपणी बघितलेलं. पण पानफूल म्हणाले तसं, आत बघितल्याबिगर काही खरं नाही.

शेवंता_परभणी
रविवार सत्कारणी लागला! दुपारी एकला गेले तर झाड फुलांनी भरलेलं. सासूबाईंना वर बोलावून दाखवलं, त्या म्हणाल्या "अगं बया, हे तर रोज फुलायलंय की!"

आता उत्तरपत्रिका:

पानं एकाआड एक.

एक फूल तोडून भाच्याच्या शाळेच्या भिंगाखाली धरलं. मधोमध लांब दांडी नाही. जिभा आहेत! लाल, चपट्या, लांब, पाकळ्यांपेक्षा थोड्याच कमी. मोजल्या, पाच. त्यांच्यामध्ये आखूड पांढरट दोऱ्यांवर परागकोश. दोन जिभांच्या मध्ये तीन, असे सगळीकडे. म्हणजे पंधरा. भाचा म्हणाला सोळा, पण एक मुंगीचा पाय निघाला. पाकळ्या ओढल्या तर सगळं एकत्रच खालून सुटून आलं, जिभा आणि परागकोशांसकट.

हिरव्या वाटीला पाच टोकं, बाहेरून केसाळ. आणि एका कोवळ्या कळीखाली तीन बारीक पानं दिसली. उमललेल्या फुलाखाली नाहीत.

पानफूल
शंभरपैकी शंभर. ही तांबडी दुपारी. शास्त्रीय नाव पेंटापेटिस फिनिशिया, लिनियसनं १७५३ साली दिलेलं. या प्रजातीत एवढी एकच जात, म्हणजे जवळची बहीण नाही, चुलत्यांवर भागवावं लागतं.

ओळख पटली ती पाच जिभांवरून. त्या जिभा म्हणजे वांझ पुंकेसर. त्यांच्यावर पराग नसतो. दोन वांझांच्या मध्ये तीन-तीन खरे, असे पंधरा. जास्वंद, भेंडी, कापूस, अंबाडी यांच्यात सगळे पुंकेसर एका नळीत जोडलेले असतात आणि ती नळी बीजांडकोशाच्या दांड्याभोवती चढलेली असते. दुपारीत तसं नाही. कळीखालची तीन बारीक पानं लवकर गळतात, जास्वंदात ती बहुतेक वेळा जास्त असतात आणि फळ धरलं तरी राहतात.

आणखी एक गंमत. मुचकुंद कुणी उघडून बघितलाय? झाड केवढं मोठं, फूल पांढरं, बोटाएवढं लांब. पण आत मोजा, पाच वांझ आणि पाच त्रिकुटं. म्हणजे गच्चीवरचं कमरेएवढं वर्षायू रोप आणि रस्त्याकडेचा मुचकुंद हे एकाच घरातले. दोघं पूर्वी जास्वंदीपेक्षा वेगळ्या कुळात मोडायचे, आता दोघांना जास्वंदीच्या मोठ्या कुळात घेतलंय. म्हणून नर्सरीवाल्याचं "विलायती जास्वंद" अगदीच हवेत नव्हतं. फक्त विलायती नाही. हे मूळचं आपल्याच भागातलं, भारत-श्रीलंकेपासून चीन, आग्नेय आशिया आणि ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेपर्यंत.

मीच_तो
म्हणजे लाल भेंडी बऱ्यापैकी जवळ होतो मी.

निर्मला_ज
दुपारी म्हणजे ते चिनी गुलाब ना? जमिनीवर पसरतं, पानं जाड, रंगीबेरंगी? आमच्या जालन्याला त्यालाच दुपारी म्हणतात.

पानफूल
निर्मलाताई, ते वेगळं. चिनी गुलाब घोळीच्या भाजीचा भाऊबंद. पानं मांसल, उन्हं चढली की उमलतं, दुपार कलली की मिटतं. ऑफिस टाइम म्हणतात तेच. त्याला पाणी कमी चालतं, हिला उलट. नुसत्या 'दुपारी' नावावर बी मागवलं तर काय हाती लागेल सांगता येत नाही.

उदगीरकर
ऑफिस टाइम म्हणजे दहाला येतं, पाचला जातं. आणि ही बाई बाराला येते. आमच्या तहसीलमधले काही साहेब आठवले.

शब्दपाखरू
पानफूल, थोडा वाद घालतो. संस्कृतात बंधूक किंवा बंधुजीव म्हणून जे फूल येतं, ज्याची उपमा ओठांना देतात, ते हेच असं सगळीकडे लिहिलेलं असतं. पण आमच्या गुरुजींनी बंधूक म्हणजे पेंटगूळ, म्हणजे रुक्मिणी, असं शिकवलं होतं. देवळात लाल गुच्छ वाहतात ती. मग खरं कुठलं?

पानफूल
दोन्हीकडे हे नाव चिकटलंय, कोशांतही घोळ आहे. माझा कौल दुपारीकडे, आणि कारण ऋतूचं. काव्यात बंधूक शरदाच्या वर्णनात येतं, भाताची शेतं पिकली, आभाळ मोकळं झालं त्या सुमाराला. दुपारी भाताच्या ओल्या रानात येते आणि तेव्हाच फुलते. पेंटगुळाला शरदाची वाट बघायची गरज नाही, ते वर्षभर गुच्छ काढतं. ओळखायचं असेल तर पाकळ्या मोजा. पेंटगुळाला चार आणि लांब नळी, दुपारीला पाच.

शब्दपाखरू
ऋतूचा मुद्दा मान्य. गुरुजींचा मुद्दा सोडत नाही.

आजीचा_बटवा
ही औषधी असते ना? काढा कसा करायचा?

पानफूल
ओळख काल पटली आणि आज काढा? जुन्या ग्रंथांत उल्लेख आहेत, पण इथं विचारून काही पोटात घेऊ नका. वैद्यांना दाखवा.

शेवंता_परभणी
सगळ्यांचे आभार. आता दुसरा प्रश्न राहिला. कळ्या गळत नाहीत हे कळलं, पण मला फूल बघायचं कधी? दर रविवारचीच वाट बघायची का?

गोदाकाठ
ताई, रविवारची गरज नाही. मी पैठणला तीन पावसाळे लावतोय. दुपारी बाराच्या आसपास उमलली की ती संध्याकाळी मिटत नाही, रात्रभर उघडी राहते. पहाटे मिटते आणि गळते. म्हणजे तुम्ही शिकवण्या उरकून आठ वाजता टॉर्च घेऊन गच्चीवर गेलात तरी दिसेल. तुम्ही साडेसहाला जाता ती नेमकी चुकीची वेळ. कालचं फूल पडलेलं आणि आजचं अजून मिटलेलं. म्हणून वाटतं कळ्याच गळतात.

ढगाळ दिवशी उशिरा उमलते, एवढं माझ्या पाहण्यात आहे. झड लागली की एकला, दीडला.

शेवंता_परभणी
आत्ता टॉर्च घेऊन जाऊन आले. खरंच! सगळी उघडी. एकावर एक छोटा हिरवा टोळ बसला होता.

बिनपाण्याचा
लातूरहून लिहितोय. हे सगळं वाचून हसू यायलंय. भातशेतीतलं, तळ्याकाठचं झाड, आणि लावायचं कुठं, तर मराठवाड्यात. आमच्याकडे नळाला पाणी किती दिवसांनी येतंय ते विचारू नका. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं आमच्या गावाला, विसरलात का? आणि तुम्ही कुंडीखाली ताटली ठेवून पाणी भरा म्हणताय.

गोदाकाठ
मी अजून ताटलीचं बोललोच नाही, पण बोलणार होतो :)

राग समजतो. पण ही पावसाळ्याची पाहुणी आहे. जूनमध्ये टाकायची, ऑगस्ट ते ऑक्टोबर-नोव्हेंबर फुलते, थंडी आली की बी देऊन वाळते. तुमची टंचाई फेब्रुवारी ते मे, तेव्हा हिचं बी काडेपेटीत असतं. गुलाबाला उन्हाळाभर जेवढं पाणी घालता त्यापेक्षा ही स्वस्त पडते.

बिनपाण्याचा
गुलाब नाही आमच्याकडे. निवडुंग आहे. तोही नाराज आहे.

काळं_रान
गोदाकाठ म्हणतात ते अर्धं खरं. मराठवाड्यात वर्षाला पावणेसातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, पण तो कसा पडतो ते सांगा. चार दिवस कोसळतो आणि मग ऑगस्टात वीस-वीस दिवस गायब. सोयाबीन सुकून जातं तर कुंडीतलं पाण्याचं झाड काय टिकणार? त्या खंडात दोन दिवस कुंडी कोरडी पडली की कळ्या खरोखर गळतील. मग मात्र दृष्टच म्हणा.

गोदाकाठ
हा खंड हीच खरी अडचण, मान्य. त्यावर वाड्यातला जुना उपाय आहे. आपल्याकडं न्हाणीचं पाणी जिथं बाहेर पडायचं तिथं अळू, कर्दळ, केळ लावायचे. आमच्या जुन्या घरी त्याच ओलीत एका कोपऱ्याला दुपारी यायची, कुणी मुद्दाम लावायचं नाही, बी पडून आपोआप यायची. शहरात न्हाणी नाही, तर भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी वापरा. साबणाचं नको. आणि पाणी शुद्ध करायच्या यंत्राच्या बाजूच्या नळीतून जे वाया जातं ते तर मुळीच नको. आपल्या बोअरचं पाणी आधीच जड, त्या वाया जाणाऱ्या पाण्यात क्षार आणखी साठलेले. कुंडीच्या कडेला पांढरा थर धरला की समजा.

शेवंता_परभणी
अय्या, मी तेच पाणी घालते! वाया कशाला घालवायचं म्हणून. खालची पानं त्यामुळे पिवळी पडली का?

पानफूल
त्यामुळेही असू शकतं. कुंडी केवढी आहे आणि माती कुठली?

शेवंता_परभणी
आठ इंची. माती शेतातली काळी, सासऱ्यांनी पोतं भरून आणलेली.

पानफूल
मग दोन्हीत सुधारणा करा. नुसती काळी माती कुंडीत नको. ओली असली की लोण्यासारखी, वाळली की आकसून कुंडीची कड सोडते, मग पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं आणि मुळं कोरडी राहतात. वरून पाणी वाहिलेलं दिसतं म्हणून आपण समाधानी. काळी माती एक वाटा, चांगलं कुजलेलं शेणखत एक वाटा आणि पोयटा किंवा नदीची भरड वाळू एक वाटा, असं मिसळा. ओल धरायला थोडं कोकोपीट चालेल. कुंडी बारा इंची तरी हवी, कमरेएवढ्या झाडाला आठ इंच म्हणजे लहान मापाची चप्पल. पण आता फुलं आलेली असताना कुंडी बदलू नका, मुळं दुखावली तर बहर जाईल. वरची दोन इंच माती उकरून शेणखत घाला, आणि पाणी तेवढं बदला. खालची एक-दोन पानं वयानंही पिवळी होतात, ती सोडा. वरपर्यंत पिवळेपणा चढला तर परत लिहा.

निर्मला_ज
आणि ताटलीत पाणी ठेवायचं की नाही? गोदाकाठ अर्धवट सोडून गेले.

गोदाकाठ
ठेवायचं. बोटभर खोल ताटली, पावसाच्या खंडात. इतर फुलझाडांची मुळं यानं कुजतात, हिची नाही, ही तर भाताच्या बांधात उभी राहणारी.

डासांचा_काळ
विरोध. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा असं आरोग्य खातं घसा फोडून सांगतं आणि इथं ताटल्या भरायला सांगताय.

गोदाकाठ
बरोबर आहे, ते सांगायचं राहिलं. ताटलीत वाळू भरा, पाणी वाळूच्या खाली राहील एवढंच घाला. डासाला उघडं पाणी मिळत नाही, मुळांना ओल मिळते. तरी आठवड्यातून एकदा ताटली उलटी करून घासा, अंडी कडेला चिकटलेली असतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत.

डासांचा_काळ
वाळूची कल्पना चालेल. पण घासणं विसरू नका, कुणी घासत नाही.

काळं_रान
आता माझा मुद्दा. शेतकरी माणूस आहे, मला या झाडाची शंका आहे. कापूस, भेंडी, जास्वंद, अंबाडी आणि ही दुपारी, सगळे एकाच खानदानातले. सरकी लावलेल्या रानाच्या बांधावर असलं झाड लावलं की किडीला बंगला बांधून दिल्यासारखं होतंय. तांबडा ढेकूण कापसाच्या बोंडावर बसतो तसाच या बोंडांवर बसंल. पिठ्या ढेकणाचं तर विचारू नका, जास्वंदीवरून कापसावर आणि कापसावरून जास्वंदीवर.

शेवंता_परभणी
मी बोंडांवर लाल किडे बघितलेत! काळ्या ठिपक्यांचे, एकमेकांना चिकटून चालणारे.

काळं_रान
तेच. तांबडा ढेकूण. बीतला रस ओढतो, मग बी वरून चांगलं दिसतं पण उगवत नाही. सकाळी गारव्यात सुस्त असतात तेव्हा साबणाच्या पाण्याच्या भांड्यात झटकून टाका. पिल्लं कोवळ्या लाल रंगाची असतात, तीही टाका. गच्चीवर फवारणीची गरज नाही.

पिठ्या ढेकूण असला तर कापसासारखा पांढरा पुंजका देठाच्या बगलेत दिसंल, आणि मुंग्यांची रांग लागंल. मुंग्या दिसल्या की समजायचं वर काहीतरी गोड चाललंय. तो भाग काढून जाळून टाका, उकिरड्यावर फेकू नका.

पानफूल
काळं_रान यांचं ढेकणाचं खरं. बांधावर नको, हेही मान्य. पण परभणीच्या गच्चीवरच्या चार कुंड्यांनी सरकी बुडणार नाही.

काळं_रान
चार कुंड्या आज. बी वाटायला लागल्या की चाळीस.

बोरीचा_बार
आमच्या किनवटच्या मेव्हण्याला विचारलं. तो म्हणतो पाझर तलावाच्या पाठीमागं जिथं पाणी झिरपतं तिथं दरवर्षी असं लाल फूल येतं, गुरं खात नाहीत. पुढच्या आठवड्यात जाऊन जिभा मोजून येतो. वर मी कोरांटी म्हटलं होतं, ते कुणी आठवण करून देऊ नका.

उदगीरकर
कोरांटी, कोरांटी.

पानफूल
बोरीचा_बार, गेलात तर एका फांदीचं फूल, पान आणि बोंड तिन्ही एकत्र दिसेल असा फोटो घ्या. आणि मागं जागा कशी आहे तेही. ओल किती, सावली आहे का, शेजारी काय उगवलंय. ओळखीला निम्मी मदत जागेचीच होते. विद्यापीठाच्या ग्रंथालयात नाईक सरांचे मराठवाड्याच्या वनस्पतींचे दोन खंड आहेत, १९९८ चे. त्यातल्या झाड ओळखायच्या किल्ल्या (एकेक खूण तपासत नावापर्यंत नेणाऱ्या याद्या) वापरायला शिकलात तर अ‍ॅपची गरज कमी होईल. अ‍ॅप फुलाचा रंग आणि आकार बघतं, आतली जीभ मोजत नाही.

निर्मला_ज
परभणीच्या कृषी विद्यापीठात उद्यानविद्या विभाग आहे ना, तिथं बी मिळेल का?

शेवंता_परभणी
घरापासून जवळ आहे, विचारून बघते. दुकानात मात्र मिळणं अवघड दिसतंय.

निर्मला_ज
ऑनलाइनवर मागवू नका. मी दोन वर्षांपूर्वी 'बंधूक, दुर्मिळ' म्हणून एका विक्रेत्याकडून बी मागवलं होतं. उगवला झेंडू. तक्रार केली तर म्हणाले, झेंडू पण लालच आहे की.

उदगीरकर
😂 मुद्दा आहे.

गोदाकाठ
बी धरायचं तर सांगतो. बोंड गोल, केसाळ, हिरव्या वाटीत बसलेलं. आतून पाच कप्पे, एकेका कप्प्यात आठ ते बारा बिया. म्हणजे एकच बोंड पूर्ण भरलं तर चाळीस ते साठ बी. बोंड तपकिरी झालं की पाच फाकांत उकलतं आणि बी उडून जातं, म्हणून उकलायच्या आधी, रंग बदलायला लागला की जुन्या मलमलीची पुरचुंडी बांधा. तांबड्या ढेकणापासूनही त्यानं वाचतं. काढल्यावर सावलीत वाळवा, कागदी पाकिटात ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत थोडी ओल राहिली तरी बुरशी येते.

पुढच्या वर्षी मृगाच्या आसपास, पाऊस लागल्यावर टाका. बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवलं तर सगळं एका वेळी उगवतं, नाहीतर आठवडाभर मागंपुढं. अर्धा सेंटीमीटरपेक्षा खोल नको. ऊन पूर्ण हवं, सावलीत नुसतं उंच होतं आणि फूल कमी. वीतभर झालं की शेंडा खुडा, म्हणजे फांद्या फुटतील. शेवंताताईंनी लिहिलंय की फांद्या कमी, ते यामुळेच.

बिनपाण्याचा
शेंडा खुडला की फूल उशिरा येतं का?

गोदाकाठ
थोडं येतं. पण एका दांडीऐवजी पाच-सहा होतात. मी निम्मी खुडतो, निम्मी तशीच ठेवतो, बहर लांबतो.

शब्दपाखरू
परत एकदा पेंटगुळाबद्दल...

उदगीरकर
नको.

मीच_तो
मला एक सांगा, भेंडीसारखी बोंडाची भाजी खरंच होत नाही का?

पानफूल
नाही.

शेवंता_परभणी
ज्यांना बी हवं त्यांनी व्यक्तिगत निरोपात पत्ता लिहा. बोंडं अजून हिरवी आहेत, दिवाळीच्या आसपास तयार होतील असं वाटतं. पुरचुंड्या आजच बांधल्या, सासूबाईंनी जुन्या नऊवारीची किनार काढून दिली. पाणी बदललं, शेणखत घातलं. काळं_रान, तुम्हालाही पाठवू का?

काळं_रान
पाठवा. घरामागं हापसा आहे, त्याच्या डबक्याजवळ लावतो. सरकीचं रान तिथून पार खाली आहे. पण ढेकूण दिसला तर मूळासकट उपटणार, आत्ताच सांगून ठेवतो.

बिनपाण्याचा
मलाही चार बिया. निवडुंगाला सोबत. ताटलीत वाळू भरून ठेवलीय, पाणी आल्यावर बघू.

डासांचा_काळ
घासा.